विनोदी मालिकांतील ‘नर्ड’ पात्रांवर चर्चा कशी घ्यावी? सांगलीच्या अभ्यासमंडळांसाठी एक मार्गदर्शन

सांगलीत विश्रामबागेच्या परिसरात अभियांत्रिकी, विज्ञान आणि कला शाखांचे विद्यार्थी एकमेकांच्या इतके जवळ राहतात की, एखाद्या विनोदी मालिकेचा विषय निघाला की एकाच खोलीत चार निरनिराळी मते ऐकू येतात. विज्ञानात रमलेल्या चार मित्रांवरच्या ‘द बिग बँग थिअरी’ या अमेरिकन मालिकेचे नाव काढले की एक जण म्हणतो, आमच्यासारख्यांना अखेर कोणीतरी नायक केले, दुसरा म्हणतो, आमच्यासारख्यांची बारा वर्षे टिंगल केली. दोघांनीही तीच मालिका पाहिलेली असते आणि दोघेही मनापासून बोलत असतात. अशा वेळी चर्चा घेणाऱ्याने ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून विषय मिटवू नये. या मतभेदामागे शोधून काढता येतील अशी कारणे असतात आणि ती शोधण्याची एक रीत या लेखात मांडली आहे. वाचनालयाचे अभ्यासमंडळ, वसतिगृहातील मित्रांचा गट किंवा भित्तिपत्रकासाठी लेख लिहिणारा एकटा विद्यार्थी, यांपैकी कोणालाही ती वापरता येईल.

या लेखात ‘नर्ड’ म्हणजे विज्ञान, संगणक, कॉमिक्स, विज्ञानकथा किंवा भूमिका घेऊन खेळायचे खेळ यांत जीव रमलेली आणि रोजच्या व्यवहारात मात्र अडखळणारी व्यक्ती, एवढाच अर्थ धरला आहे.

भाग निवडताना

‘द बिग बँग थिअरी’ सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि मे २०१९ मध्ये संपली. तिचे बारा हंगामांत २७९ भाग झाले. कोणत्याही मंडळाला हे सारे पाहणे शक्य नाही, त्यामुळे निवड करावीच लागते, आणि निवड चुकली तर चर्चेचा निकाल आधीच ठरून जातो. केवळ पहिल्या दोन हंगामांतले भाग दाखवले, तर चौघांपैकी एक असलेला हॉवर्ड वोलोविट्झ मुलींच्या मागे लागताना दिसेल आणि त्याचे ते वागणे विनोद म्हणून खपवलेले दिसेल. केवळ शेवटच्या हंगामांतले भाग दाखवले, तर तोच हॉवर्ड संसारी, जबाबदार बाप झालेला दिसेल. म्हणून एक भाग सुरुवातीचा, एक मधला आणि एक पूर्णपणे वेगळ्या मालिकेतला, असे किमान तीन भाग घ्यावेत.

सुरुवातीच्या काळातून डिसेंबर २००८ मधला नाताळच्या भेटवस्तूंचा भाग घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. शेजारी राहणारी पेनी आपल्यासाठी भेट आणणार हे कळल्यावर भौतिकशास्त्रज्ञ शेल्डन कूपर अस्वस्थ होतो, कारण त्याच्या हिशेबाने मिळालेल्या भेटीची परतफेड नेमक्या तेवढ्याच किमतीच्या वस्तूने करायला हवी. म्हणून तो स्नानाच्या सामानाच्या लहानमोठ्या अनेक टोपल्या आणून ठेवतो. पेनीची भेट पाहून तिच्या तोडीची टोपली द्यायची आणि उरलेल्या दुकानात परत करायच्या, असा त्याचा बेत असतो. पेनी त्याला ‘स्टार ट्रेक’मधील स्पॉकची भूमिका करणारे अभिनेते लिओनार्ड निमॉय यांनी सही केलेला, त्यांनीच तोंड पुसलेला कागदी रुमाल देते. शेल्डनचा सारा हिशेब तिथे कोसळतो. तो सगळ्या टोपल्या तिच्यापुढे मांडतो, त्याही अपुऱ्या वाटतात, आणि शेवटी स्पर्श टाळणारा हा माणूस तिला मिठी मारतो. या प्रसंगात प्रेक्षक कशाला हसतो, याची फोड करणे फार उद्बोधक ठरते. शेल्डनच्या वेडाला तो हसतोच. पण ते वेड पेनीने नेमके ओळखले, त्याला कमी लेखले नाही आणि त्याच्याच भाषेत त्याला आनंद दिला, म्हणून त्या हसण्यात माया मिसळते. मालिकेच्या चाहत्यांना तिच्यात काय सापडते, ते या एका भागातून कळते.

त्याच्या जोडीला जानेवारी २०१३ मधला भाग ठेवावा. त्यात चौघे मित्र ‘स्टार ट्रेक’चे पोशाख करून संमेलनाला निघतात, वाटेत त्यांची मोटार चोरीला जाते आणि त्या वेषात ते रस्त्यावर अडकतात. इकडे पेनी आणि तिच्या मैत्रिणी बर्नाडेट व एमी कॉमिक्सच्या दुकानात शिरताच आतले सगळे पुरुष वळून त्यांच्याकडे टक लावून पाहू लागतात. बाई कॉमिक्सच्या दुकानात येणे हीच जणू अद्भुत घटना, असे गृहीत धरून हा विनोद रचलेला आहे. जगभर असंख्य मुली आणि स्त्रिया कॉमिक्स वाचतात, लिहितात, काढतात; त्यांना हा विनोद खुपला तर नवल नाही. मात्र त्याच भागात पुढे या तिघी थॉर या कॉमिक्समधल्या नायकाच्या हातोड्यावरून इतक्या तावातावाने वाद घालतात की नवऱ्यामित्रांनाही मागे टाकतील. एकाच भागात मालिका स्त्रियांना आधी दाराबाहेर ठेवते आणि मग आतही घेते. चर्चेत बहुतेकांना या दोहोंपैकी एकच अर्धा आठवतो. म्हणून भाग पूर्ण पाहिल्याशिवाय कोणालाही मत मांडू देऊ नये.

तिसरा भाग ‘कम्युनिटी’ या २००९ साली एनबीसीवर सुरू झालेल्या मालिकेतला घ्यावा. फेब्रुवारी २०११ मधल्या एका भागात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ जवळजवळ सबंध वेळ टेबलाभोवती बसून खेळला जातो, आणि खेळण्याचे कारण एवढेच की नील नावाच्या एकाकी, खचलेल्या विद्यार्थ्याला जगण्याची उभारी मिळावी. खेळाचे नियम, त्यातली पात्रे, फाशांचे आकडे या कशाचीही चेष्टा होत नाही. उलट गंभीर गोष्ट सांगण्यासाठी त्याच साऱ्यांचा वापर होतो. माझ्या मते नर्ड संस्कृतीचे विनोदी मालिकेतले हे सर्वांत समजूतदार चित्रण आहे. तरीही हा भाग वादातीत नाही. त्यातल्या एका पात्राने काळ्या एल्फचे, म्हणजे खेळातल्या एका काल्पनिक जमातीचे, रूप घेण्यासाठी केलेल्या रंगभूषेमुळे नेटफ्लिक्सने २०२० मध्ये तो आपल्या मंचावरून काढला. मंडळाला तो कोठे उपलब्ध आहे, हे आधी पाहून ठेवावे.

हसण्याची नोंद कशी ठेवावी

भाग पाहताना प्रत्येकाजवळ वही असावी. प्रेक्षकांचा हशा ऐकू आला की, त्याच्या आधी नेमके काय घडले आणि ते विनोदी का ठरले, हे दोन-चार शब्दांत टिपावे. पात्राच्या ज्ञानामुळे हसू आले की समोरच्याच्या अज्ञानामुळे? पात्राला लोकरीत कळली नाही म्हणून, की त्याचे कपडे, अंगकाठी किंवा बोलण्याची ढब पाहून? की त्याने केवळ एखाद्या कॉमिकचे किंवा शास्त्रीय संकल्पनेचे नाव उच्चारले आणि तेवढ्यानेच हशा पिकला? हा शेवटचा प्रकार मला सर्वांत दुबळा वाटतो, कारण तिथे विनोद रचलेलाच नसतो. ‘हे लोक असलेच काहीतरी बोलतात’ एवढाच त्याचा आशय असतो. टीकाकारांचा राग मुख्यतः याच जागी असतो, आणि वहीतल्या नोंदी पाहिल्या म्हणजे तो राग किती जागी रास्त आहे, हे अंदाजाने नव्हे तर पुराव्याने सांगता येते.

येथे सांगलीच्या वाचकाला परंपरेचा आधार आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये याच गावात ‘सीतास्वयंवर’ उभे केले, आणि जवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. ‘शारदा’त प्रेक्षक म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या लग्नाच्या हौसेला हसतो, शारदेला हसत नाही. हसू कोणाकडे वळवायचे आणि कोणाला त्यापासून वाचवायचे, हे नाटककाराने जाणीवपूर्वक ठरवलेले असते. मालिकेच्या प्रत्येक प्रसंगाला हाच प्रश्न विचारावा.

हशाच्या आवाजाविषयी एक गैरसमज आधीच दूर करावा. ‘द बिग बँग थिअरी’चे चित्रीकरण प्रामुख्याने बर्बँक येथील स्टुडिओत प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर होत असे. तिचे हशा काढून टाकलेले तुकडे इंटरनेटवर फिरतात आणि ते पाहून ‘यात विनोदच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. ही कसोटी न्याय्य नाही. भावे नाट्यमंदिरात ज्यांनी रंगलेला फार्स पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की, कसलेला नट हशा ओसरेपर्यंत पुढचे वाक्य धरून ठेवतो. तो हशा कापला तर कोणत्याही फार्समध्ये चमत्कारिक खिंडारे पडतील. याउलट, हशा प्रेक्षकाला कोठे हसावे हे सुचवतो आणि कोणाच्या दुबळेपणावर हसताना वाटणारा संकोच कमी करतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याची तपासणी करायची असेल तर शेल्डनच्या बालपणावरच्या ‘यंग शेल्डन’चा एखादा भाग जोडीला लावावा. २०१७ ते २०२४ या काळात चाललेल्या या मालिकेत प्रेक्षकांचा हशा नाही. पात्र तेच, त्याचा हट्टही तोच. पण टेक्सासमधल्या त्या लहान मुलाकडे पाहताना अनेकांना हसण्याआधी काळजी वाटते.

पडद्यामागच्या ज्या गोष्टी माहीत असाव्यात

चर्चा अंदाजांवर वाहवत जाऊ नये म्हणून संयोजकाजवळ काही पक्की माहिती हवी. मालिकेचे एक निर्माते बिल प्रेडी पूर्वी संगणक प्रोग्रॅमर होते आणि पात्रांची बीजे त्यांच्या त्या काळच्या सहकाऱ्यांत होती. म्हणजे ही मालिका केवळ बाहेरच्यांनी बाहेरून केलेली टिंगल आहे, असे म्हणता येत नाही. फळ्यावर दिसणारी समीकरणे खरी असत आणि ती पाहण्याचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड सॉल्ट्झबर्ग करत. एमीची भूमिका करणाऱ्या मायिम बियालिक यांनी स्वतः चेताविज्ञानात पीएचडी मिळवलेली आहे. २०१५ मध्ये मालिकेशी संबंधित मंडळींनी याच विद्यापीठात विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारला.

यांहूनही बोलकी गोष्ट म्हणजे २००६ मध्ये चित्रित झालेला आणि कधीही प्रसारित न झालेला पहिला नमुना भाग. त्यात पेनी नव्हती. तिच्या जागी केटी नावाची कठोर, फटकळ तरुणी होती. चाचणीसाठी बोलावलेल्या प्रेक्षकांना ती आवडली नाही, कारण शेल्डन आणि त्याच्याबरोबर राहणारा मित्र लिओनार्ड यांना ती दुखवेल असे त्यांना वाटले. त्यानंतर पात्र बदलले आणि मायाळू पेनी आली. प्रेक्षकाला या दोघांविषयी वाटणारी कणव निर्मात्यांना मालिका सुरू होण्याआधीच कळली होती आणि त्यांनी तिच्यावरच मालिका उभी केली. मात्र त्यातूनच दुसरा आक्षेपही जन्मतो: पेनी ही ‘सामान्य’ प्रेक्षकाची प्रतिनिधी झाली आणि नर्ड मंडळी कायम तिच्या नजरेतून पाहिली गेली. ज्याला स्वतःच्या नजरेतून स्वतःला पाहायचे आहे, त्याला ही मांडणी आतून टोचते.

शेल्डनच्या स्वभावाविषयी बोलताना विशेष काळजी घ्यावी. ठरलेली जागा, ठरलेले जेवण, दारावरची ठरावीक थाप, उपरोध न कळणे ही लक्षणे पाहून अनेक प्रेक्षक त्याला स्वमग्न (ऑटिस्टिक) मानतात. निर्मात्यांनी मात्र असे कोणतेही निदान पात्राला चिकटवलेले नाही. स्वमग्न व्यक्तींपैकी काहींना तो आपला वाटतो, कारण त्याला मित्र आहेत, काम आहे, मान आहे. काहींना तो अपमान वाटतो, कारण ज्या गोष्टी त्यांना रोज सोसाव्या लागतात, त्यांवरच हशा पिकतो. नाव न दिल्यामुळे लेखकांना हसण्याची मोकळीक मिळाली आणि जबाबदारी टळली, हा आक्षेप मला पटतो.

कोण कोठून पाहतो आहे

नोंदी झाल्यावर मतांची वर्गवारी ‘आवडले’ आणि ‘नावडले’ अशी करू नये. बोलणारा कोठून पाहतो आहे, हे विचारावे. मतभेदाचे खरे मूळ तिथे असते.

पहिली बाब काळाची. १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘फॅमिली मॅटर्स’मधला स्टीव्ह अर्केल, जाड चष्मा आणि वर ओढलेली विजार घालून शेजाऱ्यांच्या घरात घुसणारा, अमेरिकन प्रेक्षकाच्या मनात ठसलेला होता. त्याच्यानंतर शेल्डन पाहणाऱ्याला मोठी प्रगती दिसते. ज्याने हे सारे २०१९ नंतर पाहिले, त्याच्यासाठी जग बदललेले असते. मालिकेचा अखेरचा भाग आला त्याच्या तीनच आठवडे आधी ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ प्रदर्शित झाला आणि त्या वर्षी जगात सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ठरला. कॉमिक्सचे नायक घराघरांत पोहोचल्यावर, कॉमिक्स वाचणारा म्हणजे विचित्र प्राणी, हे गृहीतकच शिळे झाले.

दुसरी बाब स्थळाची, आणि सांगलीतल्या मंडळाने सर्वांत जास्त वेळ तिलाच द्यावा. अमेरिकन शाळेत खेळाडू वर आणि अभ्यासू मुलगा खाली, अशी उतरंड या विनोदांमागे उभी असते. आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर अभ्यासू मुलाचा फोटो फलकावर लागतो आणि शेजारपाजारचे पेढे खायला येतात. त्याची चेष्टा होते, पण तिची जात निराळी असते. हॉवर्ड तिशीतही आईबरोबर राहतो, यावर मालिकेत वर्षानुवर्षे विनोद झाले. सांगलीत नोकरी करणारा मुलगा आईजवळ राहतो यात हसण्यासारखे काय, असा प्रश्न वडीलधाऱ्या प्रेक्षकांना पडतो, आणि तो रास्त आहे. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, हॉवर्डकडे पीएचडी नाही, तो ‘केवळ’ इंजिनिअर आहे, म्हणून शेल्डन त्याला सतत हिणवतो. १९४७ पासून अभियांत्रिकी शिकवणाऱ्या वालचंद महाविद्यालयाच्या गावात, जिथे प्रवेश मिळाल्याचा आनंद घराला वर्षभर पुरतो, तिथे हा विनोद ऐकताना मुले आधी गोंधळतात आणि मग मोकळेपणाने हसतात. १९१९ पासून चालत आलेल्या विलिंग्डन महाविद्यालयात मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांना मात्र त्यात आपल्या बाजूने कोणीतरी बोलल्याचे समाधान मिळते. एकच वाक्य आणि दोन महाविद्यालयांत दोन अर्थ, हे प्रत्यक्ष घडताना पाहणे हा या चर्चेतला सर्वांत मोलाचा भाग आहे.

तिसरी बाब चौघांपैकी एक असलेल्या राज कूत्रपालीची. दिल्लीच्या श्रीमंत घरातला हा खगोलभौतिकशास्त्रज्ञ सहाव्या हंगामाच्या अखेरीपर्यंत दारू घेतल्याशिवाय स्त्रियांशी बोलू शकत नाही. त्याचे आईवडील संगणकाच्या पडद्यावरून त्याचे लग्न जमवू पाहतात. भारतीय शास्त्रज्ञ मुख्य पात्रांत आहे याचा अभिमान आणि त्याच्या उच्चारांवर, देशावर होणाऱ्या विनोदांचा त्रास, या दोन्ही भावना एकाच प्रेक्षकाच्या मनात असू शकतात. २०२३ मध्ये माधुरी दीक्षित यांच्याविषयी दुसऱ्या हंगामाच्या पहिल्या भागात आलेल्या हीन शब्दावरून नेटफ्लिक्सला कायदेशीर नोटीस गेली होती. मूळ भाग २००८ चा. भारतात त्याची ठेच इतक्या वर्षांनी लागली. याची चर्चा करताना संताप आणि समर्थन दोन्ही ऐकून घ्यावे, आणि तो शब्द कोणत्या पात्राच्या तोंडी आहे व मालिका त्या पात्राला त्याबद्दल दोषी ठरवते की नाही, हे तपासावे.

चौथी बाब कामाची. २००६ मध्ये चॅनल फोरवर सुरू झालेल्या ‘द आयटी क्राउड’मध्ये मॉस आणि रॉय कंपनीच्या तळघरात बसतात आणि वरच्या मजल्यांवरच्यांना ते फक्त संगणक बिघडल्यावर आठवतात. त्यांची व्यवस्थापक जेन हिला संगणकातले काही कळत नाही. कार्यालयात संगणक दुरुस्तीचे काम करणाऱ्या प्रेक्षकाला ही मालिका फार जवळची वाटते, कारण तिच्यात चेष्टा निम्म्याहून अधिक वेळा वरच्या मजल्याची होते.

आपल्या मालिकांकडे वळताना

परदेशी मालिकांवर न थांबता तीच वही घेऊन आपल्या घरात लागणाऱ्या मालिका पाहाव्यात. २००८ पासून चाललेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मध्ये अय्यर हे शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या विज्ञानाला कथेत किती जागा मिळते आणि जेठालालशी असलेल्या कुरबुरीला किती, हे मोजून पाहावे. ‘साराभाई वर्सेस साराभाई’मधला दुष्यंत घरातले कोणतेही यंत्र पाहिले की ते कसे चालते हे समजावून सांगू लागतो आणि सगळे पळ काढतात. त्या हसण्यात यंत्राविषयीच्या ज्ञानाची अवहेलना आहे की न विचारता लांबवलेल्या व्याख्यानाची, यावर मंडळात चांगला वाद होतो.

प्रत्यक्ष बैठक

भाग साधारण वीस-बावीस मिनिटांचा असतो. तो संपल्यावर लगेच बोलायला सुरुवात करू नये. दहा मिनिटे शांतपणे लिहू द्यावे, म्हणजे मोठ्या आवाजाचा माणूस इतरांचे मत ठरवून टाकत नाही. पहिला प्रश्न ‘कोठे हसलात?’ असा नसावा, ‘सगळे हसले तेव्हा तुम्हांला कोठे हसू आले नाही?’ असा असावा. या प्रश्नाने गप्प बसणारी मुलेही बोलती होतात.

संयोजकाने एक नियम मात्र कठोरपणे पाळावा. वसतिगृहात एखाद्या अबोल, एककल्ली मुलाला ‘शेल्डन’ हे नाव पडलेले असते आणि चर्चेच्या भरात सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. तसे होऊ देऊ नये. त्याला साक्षीदार म्हणून उभे करू नये, त्याच्या स्वभावाचे निदान कोणालाही करू देऊ नये, आणि त्याने आपणहून काही सांगितले तर ते मध्ये न तोडता ऐकावे. विषय पडद्यावरच्या पात्रांचा आहे, खोलीत बसलेल्या माणसाचा नाही, हे बैठकीच्या आरंभीच स्पष्ट सांगावे. ज्येष्ठ सभासद आणि विद्यार्थी एकत्र असतील तर इंग्रजी संवादांसाठी उपशीर्षके लावावीत आणि कॉमिक्स किंवा ‘स्टार ट्रेक’ यांचे संदर्भ आधी पाच मिनिटांत सांगून ठेवावेत; अन्यथा काहींना विनोद कळलाच नाही आणि काहींना तो आवडला नाही, या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

शेवटी लेख लिहायचा असल्यास कोणता भाग, कोणत्या हंगामातला, कोणत्या वर्षीचा, हे प्रत्येक विधानापाशी नोंदवावे. ‘मालिका स्त्रियांची टिंगल करते’ असे सरसकट लिहिण्याऐवजी ‘२०१३ च्या या भागातला दुकानाचा प्रसंग असा आहे’ असे लिहावे, म्हणजे न पटणाऱ्याला तोच प्रसंग काढून पाहता येतो आणि पुढच्या बैठकीत त्यावर बोलता येते.